कंबरदुखी, शरीरसंबंध आणि न विचारलेला प्रश्न

पाथर्डीकडची जोडपी ऊसतोडीला जातात तेव्हा नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. दिवसभर वाकून तोडणी, मग डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरायची. कंबर दोघांचीही दुखते. दवाखान्यात ती कंबर दाखवतात. पण दुखण्यामुळे कित्येक महिने जवळ येता आलेले नाही, हे सहसा सांगत नाहीत. तुमचेही असे होत असेल, तर या संकोचामागचा इतिहास वाचा.

र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. वाचक लैंगिक प्रश्न विचारत, कर्वे शास्त्रीय उत्तरे छापत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरीही दंड झालाच.

त्याच वर्षी अमेरिकेत मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी दाखवून दिले, की मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेल्याने कंबर आणि पाय दुखतात. दुखण्याचे कारण सापडले, पण संबंधांतल्या अडचणीबद्दल बोलणे अवघडच राहिले. पुढे अनेक वर्षे सल्ला एकच: पडून राहा. १९८६ मध्ये डेयो यांच्या अभ्यासाने दाखवले, की दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांइतकाच गुण देते.

शरीरसंबंधात मणका नेमका कसा हलतो, हे मात्र २०१४ मध्ये कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात दहा जोडप्यांवर मोजले गेले. कुशीवर झोपून संबंध सर्वांनाच सोयीचा, हा जुना सल्ला त्यात टिकला नाही. पुढे वाकल्यावर दुखणाऱ्या पुरुषाला ती स्थिती त्रासाची ठरू शकते. पत्नी हात-गुडघ्यांवर असलेली स्थिती त्याला अधिक सोयीची. हालचाल कमरेतून न करता खुब्यातून करावी.

म्हणून आधी स्वतःला विचारा: वाकल्यावर दुखते, की मागे झुकल्यावर? मग जोडीदाराशी बोला, आणि डॉक्टरांशीही. वेदना, भीती, थकवा, उदासी आणि काही औषधे यांनीही इच्छा कमी होते. तो प्रेमाचा अभाव नव्हे.

मात्र जांघेत वा गुदद्वाराभोवती बधिरपणा, लघवी अडणे किंवा नकळत होणे, पायांतली ताकद जाणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

कर्व्यांना उत्तर देण्याबद्दल दंड झाला. तुम्हाला विचारण्याबद्दल कोणीही दंड करणार नाही.