शेताने कुंपण खाल्लं, त्याची गोष्ट

मंडळी, ऑक्टोबर आला की मिडवेस्टातल्या फार्मर्स मार्केटमध्ये एक विचित्र हिरवं फळ दिसायला लागतं. मोठ्या मोसंबीएवढं, वरून मेंदूसारख्या सुरकुत्या. कापलं तर फणसासारखा पांढरा चिकट चीक निघतो. त्यात नवल नाही, कारण हे झाड फणस, तुती आणि वडाच्याच कुळातलं आहे. माणसं हे फळ खात नाहीत. कोळी, किडे पळतात असं मानून घरात ठेवतात. त्याचं नाव हेज ॲपल, म्हणजे कुंपणाचं सफरचंद. मुलांनी विचारलं, "कुंपणाचं का?", तर उत्तरादाखल या देशाच्या शेतीचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास सांगावा लागतो. शाळेच्या सोशल स्टडीजमध्ये त्यातलं अर्धंच येतं.

१८३७ साली जॉन डिअरने इलिनॉयमध्ये पोलादी नांगर बनवला आणि प्रेअरीची चिवट, मुळांनी गच्च भरलेली जमीन फुटू लागली. इलिनॉयमध्ये एके काळी सुमारे सव्वादोन कोटी एकर गवताळ प्रेअरी होती. आज तिचा हजारावा भागही मूळ रूपात उरलेला नाही. हे आधी लक्षात ठेवायला हवं, कारण आपल्या गोष्टीतलं कुंपणही या मोडलेल्या गवताच्या जागीच आलं.

जमीन फुटली, पण गुरं पिकात शिरत होती. लाकडी कुंपण घालावं तर प्रेअरीत झाडं नाहीत. दगडी गडगा घालावा तर दगड नाहीत. मग जॅक्सनव्हिलच्या इलिनॉय कॉलेजातले प्राध्यापक जोनाथन बाल्डविन टर्नर यांनी निरनिराळी झाडं लावून पाहिली आणि एक निवडलं: ऑसेज ऑरेंज. टेक्सास, ओक्लाहोमा, आर्कान्सा भागातलं हे काटेरी झाड. ऑसेज जमातीचे लोक त्याच्या लाकडाची धनुष्यं करायचे. रोपं दाट लावली, छाटत राहिलं की चार-पाच वर्षांत जिवंत भिंत उभी राहायची. तेव्हा लोक म्हणायचे, कुंपण कसं हवं? घोड्याला उडी मारता येऊ नये इतकं उंच, बैलाला मोडता येऊ नये इतकं दणकट आणि डुकराला घुसता येऊ नये इतकं दाट. कॅन्सस राज्याने तर १८६७ मध्ये अशा कुंपणाच्या दर ४० रॉडला, म्हणजे साधारण २०० मीटरला, २ डॉलर द्यायचा कायदा केला. मिडवेस्टात हजारो मैल कुंपणं लागली.

जाता जाता, हे टर्नर आपल्यातल्या पुष्कळांच्या ओळखीचे निघतील, नाव माहीत नसलं तरी. शेतकरी-कामगारांच्या मुलांसाठी सरकारी विद्यापीठं हवीत म्हणून ते वर्षानुवर्षं झगडले. १८६२ च्या मॉरिल कायद्यामागे त्या चळवळीचाही हात होता. अर्बाना-शॅम्पेन, पर्ड्यू ही त्याच कायद्यातून उभी राहिलेली विद्यापीठं. तिथे एमएस करायला आलेल्या मराठी मुलामुलींची संख्या काही कमी नाही.

पुढे २४ नोव्हेंबर १८७४ ला इलिनॉयच्याच डीकॅल्ब गावातल्या जोसेफ ग्लिडनला काटेरी तारेचं पेटंट मिळालं. तारेला छाटावं लागत नाही, तिची सावली पिकावर पडत नाही, मुळं शेजारच्या मक्याचं पाणी ओढत नाहीत. नवी हिरवी कुंपणं लावणं हळूहळू थांबलं. पण जुनी लगेच कुणी उपटली नाहीत. छाटणी सुटली, झाडं उंच झाली, खाली गवत, झुडपं, जंगली बेऱ्या माजल्या. आणि या दुर्लक्षाच्या काळात तिथे बिनबोलावलेले पाहुणे राहायला आले.

त्यातला मुख्य म्हणजे बॉबव्हाइट. आपल्या लाव्हा पक्ष्याचा लांबचा नातलग म्हणा. हाक मारतो तीच "बॉब-व्हाइट!" अशी, म्हणून हे नाव. दहा-पंधरा पक्ष्यांचा थवा थंडीत रात्री जमिनीवर गोल करून बसतो; शेपट्या आत, तोंडं बाहेर. ऊब राहते आणि चहूकडे लक्षही. घरटं गवतात, पण ससाणा आला किंवा बर्फ पडलं की पळून शिरायला जवळ काटेरी झुडूप हवंच. शेताची कड म्हणजे त्याचं घर आणि तिजोरी दोन्ही. दुसरा पाहुणा खाटीक पक्षी. आपल्याकडेही त्याचे भाऊबंद आहेत. हा टोळ, उंदीर मारून काट्याला टोचून ठेवतो. ऑसेज ऑरेंजचे काटे म्हणजे त्याचा खुंटाळाच.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोठे ट्रॅक्टर आणि बुलडोझर आले. हिशेब सरळ होता. एक मैल लांब आणि ३० फूट रुंद कुंपण काढलं की साडेतीन एकरांहून जास्त जमीन हाती येते, शिवाय यंत्र वळवायला जागा मिळते. १९७२ मध्ये रशियाने प्रचंड धान्य खरेदी केलं, भाव कडाडले. त्या वेळचे कृषिमंत्री अर्ल बट्झ शेतकऱ्यांना सांगत होते, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत सगळं पेरा. शेतकऱ्यांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. कुंपणच काढलं.

आणखी पश्चिमेला हेच जरा वेगळ्या रूपात घडलं. मुलं शाळेत डस्ट बोल शिकतात, तेव्हा तिथली धूळ थोपवायला रूझवेल्टने लावलेल्या झाडांच्या रांगाही शिकतात. मार्च १९३५ मध्ये ओक्लाहोमातल्या मँगम गावाजवळ पहिलं झाड लागलं. १९४२ पर्यंत उत्तर डाकोटापासून टेक्सासपर्यंत सुमारे २२ कोटी झाडं आणि १८,६०० मैलांच्या रांगा झाल्या. पण पुढे नेब्रास्कासारख्या भागात शेतात गोल फिरणारी लांबच लांब सिंचनयंत्रं आली आणि झाडांच्या रांगा त्यांच्या वाटेत यायला लागल्या. १९७५ मध्ये खुद्द अमेरिकन काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने अहवाल दिला की ही झाडं काढली जाताहेत, हे थांबवायला काहीतरी करा. आजोबांनी धुळीला घाबरून लावलेलं झाड काढायला नातवापर्यंतचा वेळही लागला नाही.

परिणाम? १९६६ पासून पक्ष्यांची देशव्यापी मोजणी होते. तेव्हापासून बॉबव्हाइट ८० टक्क्यांहून जास्त घटला. त्या खाटीक पक्ष्याचीही संख्या साधारण पाव उरली. दोष एकट्या कुंपणतोडीचा नाही. तणनाशकं, कीटकनाशकं, दाट विदेशी गवताची कुरणं, सगळ्यांचा वाटा आहे. आणि प्रत्येक झाड प्रत्येक पक्ष्याच्या फायद्याचं असतं असंही नाही. मोकळ्या गवताळ रानातल्या प्रेअरी चिकनला झाडांच्या रांगा नकोच असतात. पण जिथे गवत आधीच गेलं होतं आणि फक्त मका-सोयाबीन उरलं होतं, तिथे ती काटेरी कड हाच शेवटचा आसरा होता.

यात खलनायक कुणी नाही, हेच मला मुलांना सांगावंसं वाटतं. शेतकऱ्याने कुंपण गुरांसाठी लावलं होतं. गुरं गेली, काम संपलं, त्याने काढलं. पक्षी त्याच्या हिशेबाच्या वहीत कधी नव्हतेच, म्हणून ते गेले तेही वहीत दिसलं नाही. आपल्याकडे म्हण आहे, कुंपणानेच शेत खाल्लं. इथे उलटं झालं. शेताने कुंपण खाल्लं, आणि त्या वेळी ते कुणाला चूकही वाटलं नाही.

आता वहीत थोडी नोंद व्हायला लागली आहे. २००४ पासून सरकार खास बॉबव्हाइटसाठी शेताच्या कडेला गवताची पट्टी राखणाऱ्यांना पैसे देतं. कॅलिफोर्नियात डेव्हिसजवळच्या योलो काउंटीत काही शेतकऱ्यांनी देशी झुडपांची कुंपणं पुन्हा लावली. तिथल्या अभ्यासांत अशा कडांना देशी मधमाश्या आणि पिकावरची कीड खाणारे किडे जास्त सापडले. म्हणजे कड शेतालाही काही परत देते.

हे ऐकून गावच्या बांधाची आठवण झाली नसेल तर नवल. बांधावरची बाभूळ, बोर, निवडुंग, शेर, आणि पाय पडताच भुर्रकन उडणारे लाव्हे. बांध कोरण्यावरून झालेली भावकीतली भांडणं आपण ऐकलीत, पण बांधाबरोबर काय काय गेलं याची यादी कुणी केली नाही. पुढच्या व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांना मुलांकडूनच विचारून घ्या: बांधावर कोणती झाडं होती, त्यात कोण राहायचं? नावं लिहून ठेवा. आणि ती इथे खाली लिहा, मंडळी, जिल्ह्याच्या नावासकट.