यक्षांची अलका आणि कोष्ट्यांचे गोवर्धन

दिवाळीत आपण लक्ष्मीच्या बरोबरीने कुबेराचीही आठवण ठेवतो. नव्या वह्यांवर कुंकवाने स्वस्तिक काढतो, धने आणि गूळ पुढे ठेवतो, आणि ज्याने घरात येण्याची फारशी घाई कधी केली नाही अशा त्या धनाध्यक्षाला मोठ्या आशेने हात जोडतो. हा कुबेर यक्षांचा राजा आणि त्याची राजधानी अलका. कालिदासाने 'मेघदूता'त तिचे जे वर्णन केले आहे ते ज्यांनी एकदा वाचले, त्यांना आपापले गाव काही दिवस तरी फारच धुळकट वाटू लागते. तिथे दिवे रत्नांचे. फुंकर घातली तरी विझत नाहीत. तिथे स्त्रियांना लागणारी रंगीत वस्त्रे, फुले, पायांना लावायचा अळता, सारे काही एकटा कल्पवृक्ष पुरवतो. वाण्याची उधारी नाही, शिंप्याचे हेलपाटे नाहीत.

अशा नगरीची ओढ केवळ आपल्यालाच आहे असे मात्र नव्हे. पाश्चात्त्यांच्या कथांतही एल्फ नावाची एक देखणी, दीर्घायुषी देवयोनी आहे. आपल्या यक्ष-गंधर्वांची दूरची भावंडेच म्हणा ना! टोल्किन या इंग्रज लेखकाने या एल्फांची गोंडोलिन नावाची एक नगरी कल्पिली. चहूकडे डोंगरांचे कडे, मध्ये शुभ्र मनोऱ्यांचे शहर, आणि तिथे जाण्याची वाट जगापासून लपवलेली. ती वाट गुप्त होती तोवर नगरी सुखात होती. राजाच्याच भाच्याने ते गुपित शत्रूला सांगितले आणि नगरी बुडाली. हल्लीची मुले या कथा आवडीने वाचतात. आमच्या घरातही त्या वाचल्या जातात, आणि "अशी शहरे आपल्याकडे होती का?" हा प्रश्न माझ्याकडे येतो. इतिहासाचा नाद असलेल्या माणसाला घरात हीच एक शिक्षा असते.

प्रश्न लहान मुलाचा असला तरी त्याचे उत्तर लहान नाही. समृद्ध नगरी कशी असते, तिचे लोक कारभार कसा करतात, हे पाहण्यासाठी कैलासापर्यंत जायला नको. आम्हा मनमाडकरांना तर आगगाडीने नाशिकरोडला उतरले आणि तिथून पांडवलेणी गाठली की पुरे. सारा प्रवास शंभर किलोमीटरांच्या आतला. त्या डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी. त्याच्या कुशीत चोवीस लेणी आहेत, आणि त्या लेण्यांच्या भिंतींवर एका नगराचा कारभार ब्राह्मी अक्षरांत कोरून ठेवलेला आहे. त्या नगराचे नाव गोवर्धन. आज नाशिकच्या पश्चिमेला, गंगापूरजवळ, गोदावरीच्या काठी गोवर्धन नावाचे गाव आहे. ते त्याच नगराचे नाव चालवीत आहे.

दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक लेख आहे. तो उषवदाताचा, म्हणजे ऋषभदत्ताचा. हा दिनीकाचा मुलगा, क्षहरात राजा नहपानाचा जावई आणि दक्षमित्रेचा पती. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. राजाचा जावई म्हटल्यावर त्याच्या दानाची यादी लांबलचक असणारच, आणि ती तशी आहे. गाई दिल्या, गावे दिली. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आजचे भडोच, मंदसोर, आपले गोवर्धन आणि सोपारा, या ठिकाणी प्रवाशांसाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या. विहिरी, तळी, बागा केल्या. तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या आणि काठांवर पाणपोया घातल्या. हे सारे थोर खरे. परंतु मला त्याहून थोर वाटते ते त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखातले एक साधे जमाखर्चाचे कलम.

बेचाळिसाव्या वर्षी, वैशाख महिन्यात, उषवदाताने हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि त्याबरोबर तीन हजार कार्षापणांची 'अक्षयनीवी' ठेवली. अक्षयनीवी म्हणजे जिच्या मुद्दलाला कोणी हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी कायमची ठेव. ही रक्कम त्याने कोठे ठेवली? राजवाड्याच्या खजिन्यात नव्हे, देवळाच्या पेटीत नव्हे. गोवर्धनात राहणाऱ्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली! दोन हजार एका कोलिक-निकायाकडे, म्हणजे कोष्ट्यांच्या संघाकडे, दरमहा शेकडा एक या दराने. आणि एक हजार दुसऱ्या कोलिक-निकायाकडे, दरमहा शेकडा पाऊण या दराने.

वाचकहो, फराळाचे ताट क्षणभर बाजूला ठेवून एवढा हिशेब करून पाहा. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, म्हणजे महिन्याला वीस आणि वर्षाला दोनशे चाळीस कार्षापणे. लेखात पुढे म्हटले आहे की, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकाला चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, बारा कार्षापणे मिळावीत. बारा विसे दोनशे चाळीस. हिशेब कवडीपर्यंत जुळतो. सुमारे एकोणीसशे वर्षांमागे कोणी तरी कारकुनाने हा आकडा मांडला, पुन्हा मोजून पाहिला आणि मगच तो दगडावर चढला, हे त्या जुळणीतून उघड दिसते. दुसऱ्या हजाराचे व्याज वर्षाला नव्वद येते. ते भिक्षूंच्या इतर किरकोळ गरजांसाठी.

आता या व्यवहारातली गंमत पाहा. अलकेत वस्त्र कल्पवृक्ष देतो. गोवर्धनात वस्त्र कोष्टी विणतो, त्याच कोष्ट्यांच्या संघाकडे भांडवल जाते, त्या भांडवलावर सूत येते, माग चालतात, माल विकला जातो, आणि त्यातून निघालेल्या व्याजावर भिक्षूच्या अंगावर पुन्हा वस्त्र चढते. कल्पवृक्षाला पाणी घालावे लागत नाही हे खरे. पण त्याच्या सावलीत कोणाचा धंदाही वाढत नाही.

दोन श्रेणींचे दर निराळे आहेत हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. राजाचा जावई पैसे ठेवायला आला म्हणून दोघांनी मान डोलावून एकच दर मान्य केला, असे झालेले दिसत नाही. प्रत्येक संघाने आपल्याला पेलेल तेवढाच बोल बोलला असावा. ज्या गावात कोष्टी राजाच्या जावयाशी दर ठरवू शकतो, त्या गावाला मी समृद्ध म्हणेन; मग तिथल्या घरांवर सोन्याचे कळस असोत वा नसोत.

आणि मुख्य गोष्ट पुढेच आहे. हा सारा व्यवहार निगमसभेत सर्वांना ऐकवला गेला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदला गेला, असे लेख सांगतो. निगमसभा म्हणजे नगरातल्या व्यापारी-कारागिरांची सभा. ज्याच्या सासऱ्याच्या नावाने नाणी पडत होती, त्याला आपल्या दानाची ग्वाही या सभेपुढे द्यावी लागली. गोंडोलिनचे सुख गुपितावर उभे होते, म्हणून ते एका फितुराने संपले. गोवर्धनाचे सुख जाहीर वाचनावर उभे होते. जे सर्वांनी ऐकले आहे ते फितुराला कोणाला जाऊन सांगता येईल?

यावर कोणी म्हणेल, "हे ठीक, पण राज्य बदलले की अशा नोंदी कोण विचारतो?" शंका रास्त आहे, कारण राज्य खरोखरच बदलले. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, आणि त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. जुन्या राजाचा चेहरा आणि त्यावर नव्या राजाची मुद्रा! सत्तांतर याहून स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही.

तिसऱ्या लेण्यात या नव्या राजाची आज्ञापत्रे आहेत. उषवदाताकडे असलेले दोनशे निवर्तने शेत तो भिक्षूंना देतो. पुढे चोविसाव्या वर्षाचे एक पत्र आहे, गौतमीपुत्राचे आणि त्याच्या आईचे मिळून, गोवर्धनच्या श्यामक नावाच्या अमात्याला लिहिलेले. त्यात म्हटले आहे की, पूर्वी ककडी गावातले शेत भिक्षूंना दिले होते. परंतु ते शेत कसले जात नाही आणि ते गावही वसत नाही. तेव्हा नगराच्या शिवेवरच्या आमच्या राजकीय जमिनीतून शंभर निवर्तने द्यावीत. विजयी राजाने आपले दान निष्फळ ठरल्याचे दगडात कोरू द्यावे, ही गोष्ट मला त्याच्या साऱ्या पराक्रमांहून मोलाची वाटते. दिले म्हणून मोकळे व्हायचे नाही. दिलेले पोचले की नाही तेही पाहायचे. कारभार याचेच नाव.

आता श्रेणींचे काय झाले ते पाहू. नहपान गेला, सातवाहनही ओसरले, आणि तिसऱ्या शतकात आभीर राजा ईश्वरसेन गादीवर आला. त्याच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने त्रिरश्मीवरच्या आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी अक्षयनीवी ठेवली. कोठे? पुन्हा गोवर्धनच्या श्रेणींकडेच! त्यांत कुलरिकांची श्रेणी आहे, हे बहुधा कुंभार असावेत. तेल गाळणाऱ्या तिलपिषकांची आहे. आणि ओदयंत्रिकांची आहे, म्हणजे पाणी वर खेचण्याची यंत्रे करणाऱ्या किंवा चालवणाऱ्या लोकांची. मध्ये राजघराणी उलटली, पण एका बाईला आपले पैसे ठेवायला विश्वासाची जागा तीच वाटली. राजांचे छाप नाण्यांवर एकावर एक पडत गेले. श्रेणींची पत तशीच राहिली.

या ओदयंत्रिकांच्या शब्दापाशी मी मनमाडकर दर वेळी थबकतो. मनमाड आणि पाणीटंचाई ही दोन नावे वर्षानुवर्षे जोडीने उच्चारली गेली आहेत. वाघदर्डी धरणाचा तळ दिसू लागला की नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी येत नसे, असे उन्हाळे या गावाने काढले आहेत. घरातली पिंपे, हंडे, कळशा, सारे भरून ठेवायचे आणि पाहुणा आला की त्याच्याआधी पिंपाकडे पाहायचे, ही आमची रीत. अशा गावच्या माणसाला रत्नांच्या दिव्यांचे फारसे अप्रूप वाटत नाही. पाण्याचे यंत्र करणाऱ्यांची पत राजाइतकी मोठी होती, याचे वाटते. उषवदातानेही लेण्याबरोबर पाण्याच्या 'पोढी', म्हणजे खडकात खोदलेली टाकी करवली आणि त्यांचा उल्लेख लेण्याच्या शेजारीच केला. देणगी पाण्यावाचून पुरी होत नाही हे त्याला कळत होते.

गोवर्धन म्हणजे स्वर्ग होता असे मात्र मला म्हणावयाचे नाही. दात्यांची नावे भिंतीवर आहेत. ज्यांच्या बोटांनी ते व्याज विणले त्या कोष्ट्यांपैकी एकाचेही नाव या ठेवींच्या लेखात नाही. तथापि याच डोंगरावर दात्यांच्या नावांत राजघराण्यांबरोबर धंभिक गावच्या ग्रामस्थांचे दान आहे, उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचे आहे, आणि मुगुदास नावाच्या एका माणसाचे आहे, ज्याला अभ्यासक कोळी समजतात. राजमातेच्या लेण्यापासून काही पावलांवर कोळ्याचे लेणे, ही शेजारधर्माची व्यवस्था अलकेत तरी कोठे होती? तिथे तर कामात चुकलेल्या एका यक्षाला वर्षभर रामगिरीवर धाडण्यात आले. त्याचे म्हणणे ऐकायला सभा बसल्याचे कालिदास सांगत नाही.

आमच्या मनमाडच्या एका बाजूला येवला आहे, दुसऱ्या बाजूला मालेगाव. तिकडे पैठणीचे हातमाग, इकडे यंत्रमागांची घरघर. कोलिक-निकायांचे वारस असे आमच्या दोन्ही हातांशी बसलेले आहेत. दिवाळीची पैठणी घेताना आपण पदरावरचा मोर पाहतो, रंग पाहतो, किंमत ऐकून जरा दचकतो. या वर्षी एवढेही आठवावे की, कोणे एके काळी या प्रदेशात राजाच्या जावयाला आपला पैसा शाश्वत करायचा होता, तेव्हा तो मागाच्या आश्रयाला गेला होता.

घरातल्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर असे: होय, अशी शहरे आपल्याकडे होती. त्यांत जादू एकच होती. दिलेला शब्द चार लोकांत मोठ्याने वाचून दाखवायचा, फळ्यावर लिहायचा आणि मग पिढ्यानपिढ्या पाळायचा. ही जादू कोणत्याही नगराला, ग्रामसभेला, किंबहुना चाळीतल्या गणेशोत्सवाच्या मंडळालाही साधण्यासारखी आहे; तिला कैलासाचे हवापाणी लागत नाही. अलकेतल्या रत्नदीपांना तेलाची गरज नसते. आपल्या पणत्यांना ती असते, आणि गोवर्धनात त्या तेलाचीही एक श्रेणी होती.