चाकांवरचे वीजघर

आपल्याकडे मालगाडी ओढणारे डिझेल इंजिन पाहिले, की मोटारीप्रमाणे ते थेट चाके फिरवत असेल असे वाटते. तसे नसते. डिझेल इंजिन जनित्र फिरवते, जनित्र वीज देते आणि त्या विजेवरच्या मोटारी चाके फिरवतात. या व्यवस्थेचा एक जुना धागा धरून मागे गेलो, तर आपण १९०३ सालच्या इंग्लंडमध्ये, यॉर्कच्या रेल्वे कारखान्यात पोचतो.

तेव्हा नॉर्थ ईस्टर्न रेल्वेपुढे पेच होता. विजेच्या ट्रॅम जवळच्या पल्ल्याचे उतारू पळवत होत्या. टाइन नदीकाठच्या दाट वस्तीत कंपनीने १९०४ मध्ये विजेच्या गाड्या सुरू केल्या. पण लहान फाट्यांवर तो खर्च झेपणारा नव्हता. तिथे मूठभर उतारूंसाठी वाफेचे इंजिन तापवायचे, कोळसा-पाणी भरायचे, ड्रायव्हरसोबत फायरमन ठेवायचा आणि शेवटच्या स्टेशनात इंजिन सोडून दुसऱ्या बाजूला जोडायचे.

व्हिन्सेंट रेव्हन या अभियंत्याने वेगळा विचार केला. रुळांपर्यंत वीज नेणे परवडत नसेल, तर वीजघरच डब्यात बसवावे! त्या काळच्या गिअरपेट्यांना एवढ्या अवजड डब्याचा भार नीट पेलवत नसे. विजेमुळे ती अडचण टळली. ५२ आसनांच्या दोन गाड्या तयार झाल्या. त्यांत वूल्झली कंपनीचे पेट्रोल इंजिन, त्याला जोडलेले जनित्र आणि चाकांजवळ दोन विजेच्या मोटारी होत्या. दोन्ही टोकांना चालकाची जागा असल्याने इंजिन फिरवण्याचा खटाटोप संपला.

ऑगस्ट १९०३ मध्ये या गाड्या हार्टलपूल भागात धावू लागल्या. पुढे सेल्बी ते कॅवुड या जेमतेम सात किलोमीटरच्या फाट्यावर त्या रुळल्या. मात्र कंपनीने अशा गाड्यांचा मोठा ताफा उभारला नाही. १९३० च्या आरंभी कॅवुडची प्रवासी सेवा थांबली आणि १९३१ पर्यंत दोन्ही गाड्या मोडीत निघाल्या.

एवढ्यावरून हा प्रयोग फसला असे म्हणावे का? मला ते पटत नाही. दोनच गाड्या झाल्या, हे खरे. पण इंधनातून वीज आणि विजेतून गती ही त्यांतली कल्पना पुढे जगभरच्या डिझेल इंजिनांत रुजली. यंत्रांचा इतिहास केवळ किती नग बनले यावर मोजला, तर अशी कामे हिशेबातून गळतात.

त्यांपैकी एका गाडीचा सांगाडा वाचला, तोही संग्रहालयात नव्हे. यॉर्कशरमध्ये लोकांनी त्याचे सुटीतले घर केले होते. डोक्यावर छप्पर राहिले म्हणून लाकूड टिकले. हौशी मंडळींनी तो सोडवून दुरुस्त केला आणि २०१८ मध्ये गाडी पुन्हा धावली. आत आता डिझेल इंजिन आहे. पण चाके फिरतात ती विजेवरच, रेव्हनने योजल्याप्रमाणे.