बिरड्याचा सण

इस्रायलमधल्या शाळांना उन्हाळ्याची सुटी जुलै-ऑगस्टात पडते आणि नेमक्या त्याच काळात आमच्या अलिबागेत आषाढाची झड लागलेली असते. त्यामुळे माझ्या चुलत बहिणीचा सोळा वर्षांचा नातू डिमोनाच्या वाळवंटातून उन्हाळ्यासाठी म्हणून इस्रायल आळीतल्या आमच्या घरी उतरला तो भिजतच, आणि पुढे आठवडाभर त्याचा एकही कपडा दोरीवर धड वाळला नाही. तरीही त्याचे येणे सुमुहूर्तावर झाले असे मी मानतो, कारण आमचा बिरड्याचा सण याच दिवसांत येतो.

बेने इस्रायल या आमच्या यहुदी समाजाचा तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील पूर्वेतिहास सनदांत आणि दफ्तरांत शोधू गेल्यास हाती थोडेच लागते. तो मुख्यतः परंपरेने सांगितलेला आहे. नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, धर्मग्रंथ समुद्राने घेतले. पुढे त्यांचे वंशज गावोगाव तेलाचे घाणे घालून राहिले, आणि दर शनिवारी घाणा बंद ठेवून बैलालाही विसावा देणाऱ्या या लोकांना मुलूख शनवार तेली म्हणू लागला. पेण, किहीम, रोहे, दिवे ही गावे आडनावांत शिरली. कंपनी सरकारच्या पलटणीतील सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले ते १७९६ साली, आणि आमचे वाडवडील त्याला मशीदच म्हणत. त्यापूर्वीच्या अनेक शतकांत ना ग्रंथ होता, ना मंदिर, ना हिब्रू जाणणारा कोणी शास्त्री.

मग धर्म राहिला कुठे? माझे उत्तर असे की तो स्वयंपाकघरात राहिला, आणि त्याचे श्रेय आमच्या बायकांचे आहे. डेव्हिड रहाबी नावाच्या परदेशी यहुदी पंडिताने या लोकांची पारख करण्यासाठी स्त्रियांपुढे मिश्र मासळी ठेवली आणि त्यांनी खवले व पर असलेले मासे तेवढे वेचून घेतले, ही कथा समाजात आजही सांगतात. सणांची मूळ नावे विस्मृतीत गेली होती, पण त्यांच्या जागी घरगुती मराठी नावे रुजली होती: नव्याचा सण, खिरीचा सण, घराची दारे लावून उपास करायचा तो दार फळणीचा सण. यहुदी पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीला, जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस ज्या दिवशी स्मरतात त्या शोकदिनाला, आमच्याकडे नाव मिळाले ते वालाच्या बिरड्याचे. रोमन सैन्याने इ. स. ७० मध्ये ते मंदिर जाळले, ही वार्ता सांगणारे कोणी उरले नव्हते. त्या दिवशी बिरडे करायचे असते, एवढे मात्र सुनेला सासूकडून न चुकता कळत होते.

डिमोनाहून आलेल्या मुलाची स्थिती याच्या बरोबर उलट होती. तिशा बेआव, म्हणजे हीच आवची नवमी, कशासाठी पाळतात, कोणते मंदिर केव्हा पडले, हे त्याने मला हिब्रूमिश्रित इंग्रजीत साल-सनावळीसह सांगितले. बिरडे हा शब्द मात्र त्याने आजीच्या तोंडून ओझरता ऐकला होता, त्याचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता.

उपासाच्या आदल्या दिवशी माझ्या पत्नीने फडक्यात बांधून मोड आणलेले कडवे वाल कोमट पाण्यात टाकले आणि त्याला पाटावर बसवले. "मामाआजोबांना काही विचारू नकोस, त्यांना सोलता येत नाही," असे सांगून तिने एक दाणा अंगठा आणि तर्जनी यांत धरून किंचित दाबला, तशी साल हातात राहिली आणि हिरवट पांढरी डाळिंबी अखंड परातीत पडली. त्याच्या हातून पहिले पाचसात दाणे फुटले, कोंब तुटले. नंतर मात्र बोटांना दाब समजला, आणि खोबरे, गूळ, आमसूल यांची तयारी होईपर्यंत तो मान खाली घालून सोलीत राहिला.

त्याची आजी साठीच्या दशकात येथून गेली. १९४८ नंतर समाजाचे बहुसंख्य लोक गेले, त्यांतलीच ती. आमच्या मायभगिनींनी एवढे जतन करून ठेवले असताना त्या देशात गेल्यावर विवाहाच्या प्रकरणी त्यांच्या यहुदीपणाचीच पडताळणी व्हावी, आणि १९६४ साली तेथील संसदेने समान दर्जाचा निर्वाळा देईपर्यंत त्यांना धरणे धरावे लागावे, याचा सल मला अजून आहे. कागदाचा पुरावा मागणाऱ्यांना पातेल्यातला पुरावा कळला नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्यास्तानंतर उपास सुटला आणि गरम भातावर बिरडे वाढले. तेवढ्यात डिमोनाहून फोन आला. आजीने नातवाची ख्यालीखुशाली विचारण्याआधी मराठीत विचारले, "कोंब केवढा आला होता रे?" त्याला कोंब हा शब्द कळला नाही, मी खुणेने सांगितल्यावर तो उठला, न शिजवता राखून ठेवलेले मूठभर वाल फडक्यासकट घेऊन आला, आणि त्यातला एक दाणा चिमटीत धरून फोनच्या पडद्यापुढे बराच वेळ धरून राहिला.