‘मनावर घेतलं की सुटते’ म्हणणाऱ्यांसाठी : सिगारेट सोडायच्या गोळीची गोष्ट

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. चहासोबत दुसरं काही पेटवू नका, एवढीच विनंती.

आपल्या मावळात बिडी-सिगारेट सोडण्याबद्दल सगळ्यांचं एकच मत असतं. तळेगाव स्टेशनला विचारा, कामशेतच्या बाजारात विचारा, नाहीतर लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांसमोरच्या टपरीवर विचारा. उत्तर ठरलेलं : "काही नाही हो, मनावर घेतलं की सुटते." गंमत म्हणजे असं सांगणाऱ्या निम्म्या लोकांच्या बोटांत तेव्हा पेटलेली असते. सिगारेट सोडायला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी गोळी आहे, हे सांगितलं की पुढचं वाक्यही ठरलेलं : "गोळ्या खाऊन सोडायची? त्यात कसली मर्दुमकी?"

ही मर्दुमकी आली कुठून आणि गोळी आली कुठून, ते सांगण्यासाठी हा सगळा प्रपंच.

तंबाखू आपली नाही. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली. अकबराचा सरदार असद बेग याने ती पहिल्यांदा पाहिली ती विजापुरात, म्हणजे आपल्या आदिलशाहीत. रत्नजडित हुक्क्यासह तो ती आग्र्याला घेऊन गेला. बादशहाने दोन-चार झुरके घेतले, दरबारी हकिमाने विरोध केला आणि तरीही दरबाऱ्यांना चटक लागली. जहांगीराने १६१७ मध्ये बंदी घातली. ती बंदी किती टिकली हे आजच्या बंद्या पाहून ओळखा. आपल्याकडे २०२० पासून सुटी सिगारेट-बिडी विकायला बंदी आहे.  तुमच्या कोपऱ्यावरची टपरी आठवा आणि पुढे चला.

मराठी मुलखात तंबाखूने पोटं भरली, हेही खरंच. निपाणीचा तंबाखू पट्टा, सिन्नर-संगमनेरची बिडी, सोलापुरात सुपात पानं घेऊन बसलेल्या बाया. १९८१ मध्ये निपाणीत भावासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले, शरद जोशींनी ते आंदोलन केलं, गोळीबारात माणसं गेली. त्यामुळे हा विषय ‘वाईट आहे, सोडा’ एवढ्यावर मिटवता येत नाही.

पण याच मुलखातल्या डॉक्टरांनी फार लवकर धोक्याची घंटा वाजवली, हे आपण विसरलोय. गोमंतकात जन्मलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर हे टाटा मेमोरियलचे नामांकित पॅथॉलॉजिस्ट. तिथल्या त्यांच्या आणि डॉ. संघवी यांच्या गटाने तंबाखू ओढणं, चघळणं आणि तोंडा-घशाचा कॅन्सर यांचा संबंध मांडणारा अभ्यास १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत संशोधकांनी १,०१,७६१ खेडूतांची तोंडं तपासली होती. कुठल्या जिल्ह्यात? आपल्याच. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत. तव्यावर भाजून काळी केलेली मिश्री आपल्या आज्या दाताला लावायच्या, ती शास्त्राच्या कागदावर आली ती अशा पाहण्यांमुळे.

आजही महाराष्ट्राचं दुखणं ओढण्यापेक्षा खाण्याचं जास्त आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. ओढणारे फक्त ३.८ टक्के, खाणारे-लावणारे २४.४ टक्के. पण मी आज ओढणाऱ्यांबद्दलच लिहितोय, कारण गोळीचा शोध त्यांच्यासाठी लागला. खाणाऱ्यांवर स्वतंत्र लिहीन.

आता मुद्द्याचं. ‘मनावर घेतलं की सुटते’ हे नुसतं आपल्या टपरीचं तत्त्वज्ञान नाही, एके काळी मोठ्या डॉक्टरांचंही तेच मत होतं. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा १९६४ चा अहवाल जगभर गाजला. सिगारेटने फुप्फुसाचा कॅन्सर होतो, हे सरकारी शिक्क्यानिशी त्यात आलं. पण त्याच अहवालात धूम्रपानाला ‘सवय’ म्हटलं होतं, व्यसन नाही. सवय म्हटली की ती मोडणं हे तुमच्या हातात, आणि नाही मोडली तर दोष तुमचा. निकोटिन हे व्यसन लावणारं द्रव्य आहे असं त्याच कार्यालयाने स्पष्ट लिहिलं ते १९८८ मध्ये. मध्ये चोवीस वर्षं गेली. आपल्या भाषेला मात्र ते आधीपासून कळलं होतं. आपण ‘तलफ आली’ म्हणतो. तलफ येते, ती कोणी आणत नाही.

झुरका घेतल्यावर काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. दोनेक तासांत रक्तातलं निम्मं उतरतं. मग चिडचिड, अस्वस्थपणा, झोप नाही, कामात लक्ष नाही. सोडल्यावर पहिला आठवडा सगळ्यात वाईट जातो आणि दोन ते चार आठवड्यांनी हे उतरत जातं. अनेक संकल्प या पहिल्या आठवड्यातच बुडतात.

यावर पहिला मोठा उपाय निघाला तो पाणबुडीतून. आपल्या आयएनएस शिवाजीवर शिकणाऱ्या नौदलाच्या पोरांना ही गोष्ट आवडेल. पाण्याखाली गेल्यावर सिगारेट पेटवता येत नाही. स्वीडनच्या नौदलातले खलाशी तेव्हा तोंडात तंबाखू धरायचे आणि त्यांचं भागायचं. लुंड विद्यापीठातल्या क्लास लुंडग्रेन यांनी हे पाहिलं आणि १९६७ च्या डिसेंबरमध्ये औषध कंपनीत काम करणाऱ्या ओव्ह फेर्नो या मित्राला पत्र लिहिलं. फेर्नो स्वतः भरपूर ओढायचे. धूर नको, डांबर नको, फक्त निकोटिन थोडं थोडं देऊ, ही कल्पना त्यातून आली. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर निकोटिनचं च्युइंगम १९७८ मध्ये बाजारात आलं. आपल्याकडे दोन मिलिग्रॅमचं च्युइंगम चिठ्ठीशिवाय मिळतं, चारला चिठ्ठी लागते. एक सूचना : ते च्युइंगमसारखं सतत चघळायचं नसतं. दोन-चारदा चावायचं, चुणचुण आली की गालात धरायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. लोक कचाकचा चावतात, मळमळतं आणि मग ‘काही उपयोग नाही’ म्हणून टाकून देतात.

दुसरं औषध जवळजवळ अपघाताने सापडलं. बुप्रोपिऑन हे उदासीनतेच्या आजारावरचं औषध. ते घेणाऱ्या काही रुग्णांची सिगारेटची ओढच कमी झाल्याचं दिसलं. कॅलिफोर्नियात डॉ. लिंडा फेरी यांनी माजी सैनिकांवर त्याच्या चाचण्या केल्या आणि १९९७ मध्ये सिगारेट सोडण्यासाठी म्हणून त्याला मान्यता मिळाली. फिट येणाऱ्यांनी हे घ्यायचं नाही. चिठ्ठी लागते ती याचसाठी.

तिसरं औषध माझ्या मते सगळ्यात रंजक. युरोपात लॅबर्नम नावाचं पिवळ्या फुलांचं झाड आहे. दुसऱ्या महायुद्धात तंबाखू मिळेना तेव्हा सैनिक त्याची पानं ओढायचे. त्या झाडातलं सायटिसिन हे द्रव्य मेंदूला निकोटिनसारखंच भासतं. बल्गेरियात १९६४ मध्ये त्याची गोळी आली, पण ती पूर्व युरोपातच राहिली. पुढे त्याच द्रव्यावरून अमेरिकेत फायझरने नवं औषध घडवलं, व्हॅरेनिक्लिन. मान्यता २००६. (जाता जाता : उन्हाळ्यात फुलणाऱ्या आपल्या बहाव्याला इंग्रजीत ‘इंडियन लॅबर्नम’ म्हणतात. नाव सारखं, झाड वेगळं. कृपा करून कोणी बहाव्याची पानं ओढायला जाऊ नका.)

हे औषध काम कसं करतं? पुणे-लोणावळा लोकलने जाणाऱ्यांना लगेच कळेल. शिवाजीनगरला गाडीत चढलेला माणूस सीटवर रुमाल टाकून ठेवतो. तुम्ही येता, जागा मोकळी दिसते, पण बसता येत नाही. मेंदूत निकोटिन जिथे जाऊन बसतं, तिथे ही गोळी आधीच रुमाल टाकते. शिवाय रुमाल टाकून नुसती गप्प राहत नाही, थोडासा आनंदही देते, त्यामुळे तलफ सौम्य होते. वरून कोणी झुरका मारलाच, तर ‘मजा नाही आली’ असं होतं. पद्धत अशी : पहिले तीन दिवस अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी, चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत दोन, आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅमच्या दोन, आणि एकूण बारा आठवडे. पहिला आठवडा ओढत राहिलात तरी चालतं, सोडायचा दिवस साधारण आठवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा बदलते. हे वाचून मेडिकलमध्ये धावू नका, आधी डॉक्टर.

दुष्परिणाम लपवायचं कारण नाही. मळमळ होते, स्वप्नं भलतीच ठळक पडतात. २००९ मध्ये अमेरिकी नियामकाने या औषधाने मनावर गंभीर परिणाम होऊ शकतो, अशी काळ्या चौकटीतली सूचना लावली आणि जगभर लोक घाबरले. मग आठ हजारांहून जास्त लोकांवर मोठी चाचणी झाली. भीतीइतका धोका त्यात दिसला नाही आणि २०१६ मध्ये ती सूचना काढली गेली. २०२१ मध्ये एका अशुद्धीमुळे फायझरला गोळ्या परत मागवाव्या लागल्या, तेही खरं. पण एक विचारतो. फुप्फुसात रोज धूर भरणाऱ्या माणसाला औषधाच्या दुष्परिणामांची एवढी काळजी अचानक कुठून येते?

आता मनाकडे येतो. कारण मन नकोच, गोळी घ्या आणि झोपा, असं मी म्हणत नाहीये.

मनाच्या ताकदीवर बोलायला लोणावळ्याइतकी योग्य जागा नाही. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये इथे कैवल्यधाम सुरू केलं. त्याआधी बडोद्यात त्यांनी क्ष-किरण लावून आसनं-क्रियांमध्ये शरीरात काय घडतं ते पाहिलं होतं. ‘योगमीमांसा’ हे त्यांचं नियतकालिक याच तपासण्या छापायचं. योगाने सिगारेट सुटते असा दावा मी करत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. शंभर वर्षांपूर्वी आपल्या गावात एक संन्यस्त माणूस सांगत होता की मनाच्या आणि श्वासाच्या गोष्टीही मोजून बघा, नुसतं मानू नका.

तसं मोजलं तर काय दिसतं? कुठल्याही मदतीशिवाय, निव्वळ निर्धारावर सोडणाऱ्या शंभरांतले तीन ते पाचच जण वर्षाच्या आसपास सिगारेटविना राहिलेले असतात. व्हॅरेनिक्लिनने ही शक्यता दुपटीहून जास्त वाढते. सोबत समुपदेशन असेल तर आणखी. म्हणजे गोळीनेही सगळ्यांची सुटत नाही. पण निव्वळ निर्धाराचा आकडा बघा आणि मग मर्दुमकी सांगा.

आपल्याकडे शपथेची परंपरा मोठी आहे. देहू इथून हाकेच्या अंतरावर. गळ्यात माळ पडली की माणूस मटण सोडतो, दारू सोडतो आणि खरंच पाळतो. पण दिंडीत चालताना बघा, कमरेची चंची तशीच असते. तोच माणूस, तोच निश्चय. मग तंबाखूच का राहते? निश्चय कमी पडला म्हणून नाही. तलफेचं वजन वेगळं आहे म्हणून.

माझा एक मित्र लोणावळ्यात पर्यटकांची गाडी चालवतो. दिवसाला दोन पाकिटं. गटारीला सोडली, एक जानेवारीला सोडली, आषाढीला सोडली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सोडली. शेवटच्या वेळची मोडल्यावर पोरीशी डोळ्याला डोळा देईना. पाचव्या वेळी पुण्यातल्या एका डॉक्टरांनी व्हॅरेनिक्लिन लिहून दिलं. मळमळायचं म्हणून गोळी जेवणानंतर घ्यायचा. स्टँडवर कळू नये म्हणून गोळ्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये, इन्शुरन्सच्या कागदांखाली. कारण विडी ओढताना कोणी हसत नाही, सोडायची गोळी घेताना हसतात! सातव्या आठवड्यात एका मयतीला गेला आणि स्मशानात दोन ओढल्या. पूर्वी तिथेच सगळं संपलं असतं. डॉक्टर फोनवर म्हणाले, गोळी बंद करू नका, उद्या सकाळपासून परत. त्याने तसंच केलं.

सरकारी बाजूने काहीच झालं नाही असं नाही. २००२ मध्ये केंद्राने तंबाखू सोडवणारी १३ केंद्रं काढली, त्यात मुंबईचं टाटा मेमोरियल होतं. २०१६ मध्ये राष्ट्रीय फोन सेवा सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आपल्या देशाच्या २०२२ च्या यादीत निकोटिनची बदली औषधं आली. यादीतून गावापर्यंत यायला मात्र औषधालाही घाट चढावा लागतो. मी मावळातल्या काही मेडिकलवाल्यांना व्हॅरेनिक्लिन विचारलं, तर निम्म्यांनी नाव दोनदा विचारलं आणि "मागवून देतो" म्हणाले. त्याच दुकानांच्या बाहेर सिगारेट मागवून द्यावी लागत नाही. तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात हे औषध आणि ते लिहून देणारा माणूस हवा, ही मागणी ग्रामसभेत आणि नगरपरिषदेत करायला काय हरकत आहे? रस्त्याच्या खड्ड्यांवर आपण भांडतोच की.

तो फोन नंबर १८००-११-२३५६. पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. शोधत बसू नका. २०१८ पासून तो सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला आहे, त्या भयंकर फोटोच्या जवळच. माझ्या मित्राने वीस वर्षांत हजारो पाकिटं हातात धरली, नंबर कधी वाचला नव्हता. स्टँडवरच्या आणखी दोघांना त्याने तो परवा वाचून दाखवला. एकाने फोन लावलाय, दुसरा अजून मनावर घेतोय.