एकसारख्या बाराची कुळकथा

विजापूरच्या बुरजावरची मलिक-ए-मैदान ही तोफ मूळची विजापूरची नव्हे. मुहम्मद बिन हुसेन रूमी नावाच्या तुर्की कारागिराने ती १५४९ साली अहमदनगरात ओतली. पुढे निजामशाहीची धावपळ सुरू झाली तशी ती परांड्याच्या भुईकोटात आली आणि १६३२ साली आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने तिथून विजापुरास नेली. वजन सुमारे ५५ टन. परांडा ज्यात आहे त्या धाराशिव जिल्ह्याला तिचे माहेर म्हणता येणार नाही, पण आजोळ म्हणायला हरकत नाही.

तिच्या नळीचा आतला व्यास २ फूट ४ इंच. १५६५ च्या तालीकोटच्या लढाईत रूमीखान या तोफखान्याच्या सरदाराने तिच्यात तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या ठासून समोरच्या सैन्यावर डागल्या, असे सांगतात. समोर एवढी गर्दी असली की नेम हवा कोणाला? पण दूरचा एकच बुरूज आणि त्याची तीच भेग दहा वेळा गाठायची म्हटले, की नुसता आकार कामाला येत नाही. पहिला बार जसा गेला तसाच दुसरा जावा लागतो. आज हजार यार्डांवरच्या चांदमारीसाठी जे हौशी नेमबाज टेबलाशी बसून एकेक काडतूस हाताने भरतात, त्यांची सारी धडपड एवढ्याचसाठी असते. त्यांचे कूळ शोधायचे तर अशा तोफांपासूनच सुरुवात करावी लागते.

धाराशिवच्याच नळदुर्गाच्या उपळी बुरजावर हत्ती तोफ आणि मगर तोफ अजून आहेत. अशी तोफ भरायची म्हणजे लांब दांड्याच्या पळीने दारू आत सारायची, गजाने ठासायची, मग गोळा, मग कानात रंजक आणि शेवटी बत्ती. आता पळी काठोकाठ भरायची की शीग लावून? गज किती जोराने मारायचा? ते सगळे गोलंदाजाच्या हातावर. दगडी गोळा पाथरवटाने टाकीने घडवलेला, म्हणजे प्रत्येक गोळा थोडा वेगळा. तो नळीत अडकू नये म्हणून फट ठेवावीच लागे. त्या फटीतून वायूचा जोर निसटे आणि गोळा नळीच्या भिंतींवर आपटत, शेवटची थडक बसेल त्याप्रमाणे वाट धरे. दारूचीही एक खोड होती. शोरा, गंधक आणि कोळसा यांची नुसती पूड गाड्यावर हिंदकळत नेली की हलका कोळसा वर येई आणि जड माल तळाशी बसे. पिपाच्या तोंडची दारू आणि बुडाची दारू एक नसे. दाणेदार दारू निघाली तेव्हा ही खोड गेली. शोऱ्यात मीठ राहिले असेल तर मात्र तो पावसाळ्यात ओल धरणारच, आणि मग बार फुसका.

१७९०-९१ साली परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडला वेढा घातला. त्या वेढ्यात हजर असलेल्या एडवर्ड मूर या इंग्रज अधिकाऱ्याने मराठी तोफखान्याची चांगलीच खिल्ली उडवली आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तोफ भरली की गोलंदाज खाली बसत, धूम्रपान करत, अर्धा तास गप्पा मारत. मग बार काढून धुरळा कुठे उडतो ते बघत आणि पुन्हा गप्पांना बसत. मला यात हसण्यासारखे फारसे दिसत नाही. तापलेल्या नळीला दम देणे आजचे नेमबाजही पाळतात. खरी गफलत त्याने सांगितलेल्या दुसऱ्याच गोष्टीत आहे: रात्री तोफा तळावर परत नेत आणि सकाळी पुन्हा आणून मांडत. म्हणजे काल साधलेला नेम आज मुळापासून साधायचा. शत्रूला तटाची डागडुजी करायला रात्र मोकळी मिळे ती वेगळीच.

बंदुकीच्या बाबतीत माप आधी आले. युरोपातले बंदुकवाले सोळाव्या-सतराव्या शतकात खांद्यावरच्या पट्ट्याला लाकडी नळ्या अडकवत. एका नळीत एका बाराची मोजलेली दारू. पुढे तीच दारू गोळीसकट कागदात गुंडाळली आणि काडतूस झाले. १८५७ चे चरबीचे काडतूस आपण शाळेत वाचतो, पण तो कागद दाताने फाडायचा कशासाठी, हे पुस्तक सांगत नाही. आतली मापाची दारू नळीत ओतायची असे.

माप खरे की खोटे हे तपासायचे साधन मात्र १७४२ साली हाती आले. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने लाकडी लंबकावर गोळी मारून, लंबक किती झोका खातो त्यावरून गोळीचा वेग काढला. एवढीच दारू घातली तर एवढा वेग, असे प्रथमच नक्की सांगता येऊ लागले. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या किल्ल्यात वारला.

कागद गेला, धातूचे काडतूस आले. १८६६ च्या सुमारास कर्नल बॉक्सरचे काडतूस ब्रिटिश फौजेत रुळले आणि १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. यंत्र आले म्हणजे सारखेपणाचा प्रश्न मिटायला हवा होता. सैनिकाचा मिटलाही. हजार यार्डांच्या नेमबाजाचा मिटला नाही.

१८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला आयर्लंड आणि अमेरिका यांचा ८००, ९०० आणि १००० यार्डांवर सामना झाला. आयरिश ठासणीच्या बंदुका घेऊन आले होते, अमेरिकन मागून काडतूस भरायच्या. निकाल ९३४ विरुद्ध ९३१, अमेरिकेची सरशी. एका आयरिश गड्याची एक गोळी बरोबर मध्यावर बसली, पण शेजारच्या निशाणाच्या, म्हणून तिचे गुण शून्य. नाहीतर ठासणीवाले जिंकले असते. प्रत्येक बार हाताने मोजून भरणारा माणूस यंत्राला किती झुंज देतो, हे त्या दिवशी दिसले.

हाताने भरण्याची हौस टिकली ती यामुळेच. गोळीच्या वेगात सेकंदाला ३० फुटांचा फरक पडला तर हजार यार्डांवर ती वीतभर खाली-वर जाते. म्हणून दारू ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत तोलतात. आपली सोनाराची गुंज म्हणजे पावणेदोन ग्रेनहून थोडी जास्त, तेव्हा हे वजन गुंजेच्याही एकोणिसाव्या भागाइतके. एकदा उडवलेले पितळी कवच फेकून देत नाहीत. ते आपल्याच रायफलीच्या घरात फुगून तिच्या मापाचे झालेले असते. ते साफ करायचे, वजनावर निवडायचे, बार पेटवणारी जुनी टोपी काढून नवी बसवायची, आणि कवचाचा गळा गोळीला प्रत्येक वेळी सारखाच धरतो ना, ते पाहायचे. नवखा माणूस सारे लक्ष तराजूवर ठेवतो, आणि नेमका गळ्याच्या पकडीत घात होतो.

आपल्याकडे हा घरगुती छंद नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतूस बनवायलाही परवाना लागतो. नेमबाजी मात्र रुजली, आणि तिला मराठी हात लागला. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी आहे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक आणले.

या दोघांच्या .२२ रायफलीला हाताने भरलेले काडतूस चालतच नाही. त्यातला पेट घेणारा मसाला कवचाच्या कडेतच भरलेला असतो आणि एकदा उडाले की ते पुन्हा भरता येत नाही. म्हणून असे नेमबाज कारखान्याचे निरनिराळे लॉट आपल्याच रायफलीतून मारून पाहतात आणि जो लॉट एका भोकात गोळ्या घालतो, त्याची काडतुसे साठवून ठेवतात.