परवचा

दिवेलागणीला शुभंकरोती झाली की आजोबा ओसरीवर बसत आणि आम्ही मुले त्यांच्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी म्हणत असू. ते निव्वळ पाठांतर नव्हते. रुपयाचे आणे सोळा, आण्याच्या पै बारा आणि शेराचे छटाक सोळा होते, तोवर बाजारातील हिशेब या अपूर्णांकांच्या पाढ्यांवरच चाले. आजोबांची विद्या नातवाच्या रोज उपयोगी पडे, आणि म्हातारपणाला घरात एक काम असे.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५८ पासून किलोग्रॅमही आला. व्यवहार सुलभ झाला, मुलांच्या डोक्यावरील ओझे उतरले. हा लाभ नाकारण्यात अर्थ नाही. परंतु आमच्या वडिलांच्या पिढीतील अधिकाऱ्यांनी नवी कोष्टके निष्ठेने लोकांना समजावून दिली, तेव्हा घरोघरच्या आजोबांची संध्याकाळ रिकामी झाली. पुढे बदल्यांमुळे नातवंडेही दूर गेली.

आज परप्रांती नोकरी करून आम्ही त्याच वयास पोचलो आहो. फोनवरून भाजीवाल्याचे पैसे कसे चुकते करावे, हे नात आम्हांस न कंटाळता शिकविते. तिला शिकवावे असे आमच्यापाशी काय उरले आहे, याचा शोध आम्ही अजून घेतच आहो.